शालेय छळ आणि कायद्याची लोकमागणी : रायगडमधील बहिष्कारविरोधी अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

शाळेतील एखाद्या मुलाला सोबत्यांनी सातत्याने चिडवणे, धमकावणे, मारणे किंवा आपल्यात न घेणे हा प्रकार शाळेइतकाच जुना आहे. त्याला कायद्याने आळा घालावा ही मागणी मात्र गेल्या काही दशकांतील आहे. अनेक देशांत ती पीडित मुलांच्या पालकांनी लावून धरली आणि लोकमताच्या दडपणामुळे विधिमंडळांना तिची दखल घ्यावी लागली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे. केवळ शालेय छळाचा विचार करणारा स्वतंत्र कायदा मात्र राज्यात नाही आणि त्यासाठी व्यापक लोकचळवळ उभी राहिल्याचेही दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या मागणीची चिकित्सा रायगड जिल्ह्यातील, विशेषतः पेण व रोहा तालुक्यांतील, सामाजिक वास्तवाच्या संदर्भात केली आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हावा, ही मागणी ज्या भागांतील तक्रारींमुळे बळकट झाली, त्यांत रायगड जिल्हा ठळकपणे पुढे होता. एका सामूहिक छळाविरुद्ध लोकांनी दाद मागितली आणि शासनाला कायदा करावा लागला. हा अनुभव शालेय छळाच्या प्रश्नास कितपत मार्गदर्शक ठरतो, हे तपासणे येथे अभिप्रेत आहे. शालेय छळाविरुद्धचा कायदा मुलाला शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर शाळेला उत्तरदायी करण्यासाठी हवा, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

नावाचा प्रश्न

'बुलिंग' या संज्ञेला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. दादागिरी, दांडगाई, खोड्या, चिडवाचिडवी, छळ हे शब्द त्याचा एकेक पैलू तेवढा सांगतात. ज्या दुःखाला नाव नाही त्याची तक्रार करणे कठीण असते. म्हणूनच 'मुलांचेच ते, चालायचेच' या एका वाक्यात पालक आणि शिक्षक दोघेही अशा प्रसंगांची बोळवण करू शकतात.

मुलांच्या बोलीत मात्र एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे कट्टी. दोन मुलांमधील कट्टी संध्याकाळपर्यंत बट्टीत बदलते. तिच्यात गैर काही नाही. परंतु एका मुलाशी सगळ्या वर्गाने कट्टी धरली, ती महिनोन्महिने टिकली आणि त्या मुलाशी बोलणाऱ्याशीही कट्टी धरण्याचा दंडक पडला, तर त्या अवस्थेला प्रौढांच्या भाषेत 'वाळीत टाकणे' हेच नाव आहे. स्वीडनमधील डॉक्टर पीटर-पॉल हाइनेमान यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधताना 'मॉबिंग' ही संज्ञा वापरली. तिचा रोख एकट्या दांडगट मुलावर नसून झुंडीवर होता. पुढे डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे निश्चित केली : हेतुपुरस्सर दिलेला त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि बळातील विषमता. या तिन्ही कसोट्यांना गावकीचा बहिष्कार उतरतो. म्हणूनच शालेय छळ आणि सामाजिक बहिष्कार यांची तुलना निव्वळ अलंकारिक ठरत नाही.

रायगडचा अनुभव

बहिष्कार हा दंडनीय गुन्हा मानावा, या मागणीचे मूळ तत्कालीन कुलाबा जिल्ह्यापर्यंत जाते. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर अस्पृश्य समाजाला मारहाणीबरोबरच बहिष्काराच्या शस्त्रालाही तोंड द्यावे लागले. १९३० मध्ये गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या संरक्षक तरतुदींच्या योजनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. त्यासाठी त्यांच्यापुढे ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना होता. पुढे मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला. तथापि दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

त्यानंतर सुमारे अर्धशतक या प्रश्नावर प्रभावी कायदा नव्हता. २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली. रायगडात प्रश्नाचे रूप थोडे वेगळे होते. येथे जातपंचायतीइतकीच गावकीही बहिष्कार लादत होती. निवडणुकीतील मतभेद, देवस्थानाचा वाद, जमिनीचा तंटा, गावकीचा दंड भरण्यास नकार अशी कारणे त्यासाठी पुरेशी ठरत. २०१४ च्या अखेरीस रोहा तालुक्यातील एका महिलेच्या आत्महत्येनंतर हा विषय राज्यभर चर्चेत आला. तक्रारी, न्यायालयीन याचिका, कार्यकर्त्यांचा पाठपुरावा आणि वृत्तपत्रांतील बातम्या यांचा एकत्रित परिणाम होऊन १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये हा कायदा अमलात आला.

या कायद्याची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याने बहिष्काराची रूपे तपशीलवार नोंदवली. धार्मिक विधी, स्मशानभूमी, व्यवहार यांबरोबरच शाळेचा वापर करू न देणे आणि मुलांच्या खेळण्याला मज्जाव करणे यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजेच मूल हेही बहिष्काराचे लक्ष्य असते, हे कायद्याने मान्य केले. दुसरे वैशिष्ट्य असे की, प्रत्यक्ष कृती करणाऱ्याबरोबर चिथावणी देणाऱ्यालाही त्याने जबाबदार धरले. तिसरे वैशिष्ट्य शिक्षेच्या स्वरूपाचे आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद असली, तरी पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्यास तडजोडीची वाटही खुली आहे. गावात राहूनच जगावयाचे असलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या तुरुंगवासापेक्षा शेजार परत मिळणे अधिक मोलाचे असू शकते, ही जाणीव या तरतुदीमागे दिसते.

कायद्याची मर्यादा मात्र शाळेच्या दारात स्पष्ट होते. बहिष्कृत कुटुंबाशी बोलणाऱ्याला दंड, असा गावकीचा फतवा निघाला की तो घरोघरी मुलांच्या कानावर पडतो. दुसऱ्या दिवशी बाकावरील शेजारी सरकून बसला, तर त्याने कोणता गुन्हा केला? आठ-दहा वर्षांचे ते मूल घरच्यांचे ऐकत असते. पोलीस ठाणे या प्रसंगी निरुपयोगी आहे; शिक्षक मात्र निरुपयोगी नाही. परंतु शिक्षकाने अशा वेळी काय करावे, हे त्याला कोणताही कायदा नेमकेपणाने सांगत नाही.

१९९९ चा कायदा आणि शाळा

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा महाविद्यालयांपुरताच आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यातील 'शैक्षणिक संस्था' या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक आहे की, शिक्षण देणारी कोणतीही संस्था, वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, लाज वा भीती वाटेल असे वर्तन हे सर्व रॅगिंगच्या व्याख्येत अंतर्भूत आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे आणि त्याने टाळाटाळ केल्यास तो अपप्रेरणेस जबाबदार ठरतो. अक्षरशः वाचल्यास हा कायदा पेणमधील माध्यमिक शाळेलाही लागू होतो आणि रोह्यातील आश्रमशाळेच्या वसतिगृहालाही.

तरीही शाळांमध्ये तो मृतवत् राहिला. याचे एक कारण यंत्रणेचे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे २००१ चे निर्देश, राघवन समितीच्या शिफारशी, २००९ मध्ये अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू आणि त्याच्या वडिलांनी दिलेला लढा यांतून विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम, मदतवाहिनी आणि प्रतिज्ञापत्रे अशी व्यवस्था उभी राहिली. ती सर्व उच्च शिक्षणासाठी होती. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. दोषसिद्ध विद्यार्थ्याला काढून टाकावे आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश देऊ नये, अशी शिक्षा या कायद्यात आहे. बारा वर्षांच्या मुलाला ती कशी लावावयाची? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि बालन्यायाची सारी दिशाच सुधारणेची आहे. एका मुलाचे शिक्षण वाचवण्यासाठी दुसऱ्याचे संपवणे हा तोडगा नव्हे.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ शिक्षकाने विद्यार्थ्याला दिलेला त्रास असाच घेतला जातो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये छळप्रतिबंधक समित्यांविषयी सूचना दिल्या. त्या त्या मंडळाच्या शाळांपुरत्या आहेत. राज्यात २०२२ मध्ये सखी सावित्री समित्यांचा आणि बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी इत्यादींचा शासन निर्णय झाला. हे उपाय आवश्यकच आहेत. त्यांचा मुख्य रोख मात्र लैंगिक अत्याचारापासूनच्या सुरक्षिततेवर आहे. मधल्या सुट्टीत एकटे बसलेले मूल सीसीटीव्हीच्या चित्रात सुरक्षितच दिसते.

परदेशातील कायद्यांचा बोध

नॉर्वेत १९८२ मध्ये तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर पुढच्याच वर्षी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. अमेरिकेत १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यापासून सुरू झालेली कायद्यांची मालिका २०१५ मध्ये मोंटाना राज्यात पूर्ण झाली. तिच्यामागे अनेक ठिकाणी मुले गमावलेल्या पालकांचा पाठपुरावा होता. जपानमध्ये ओत्सू येथील विद्यार्थ्याच्या २०११ मधील आत्महत्येनंतर २०१३ मध्ये कायदा झाला. त्यात छळाची व्याख्या पीडित मुलाला होणाऱ्या वेदनेवरून केली आहे आणि प्रतिबंध, चौकशी व अहवाल यांचे कर्तव्य शाळेवर आणि स्थानिक प्रशासनावर टाकले आहे. यात मुलासाठी नव्या शिक्षेवर नव्हे, तर प्रौढांच्या कर्तव्यावर भर आहे. तथापि कायद्यानंतरही जपानमधील छळ थांबलेला नाही. कायदा मौन तोडण्यास साहाय्य करतो. वर्गातील वातावरण मात्र शिक्षकालाच घडवावे लागते.

पेण-रोह्यातील मागणीची दिशा

या परिसरातील वर्ग म्हणजे समाजाचे छोटे रूप आहे. आगरी, कोळी, कुणबी, मराठा, बौद्ध, मुस्लिम, ठाकूर, कातकरी मुले आणि धाटाव औद्योगिक क्षेत्रात आलेल्या परप्रांतीय कामगारांची मुले एकत्र शिकतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे जिल्ह्यासाठीचे कार्यालय पेण येथेच आहे. पालकांबरोबर वीटभट्टीवर जाऊन वर्षाच्या मध्येच परतणारे कातकरी मूल वयाने थोराड, अभ्यासात मागे आणि बोलीने वेगळे असते. त्याच्या वाट्याला आलेल्या टवाळीची नोंद कोठेच होत नाही. पुढे त्याचे नाव पटावरून गळते आणि कारण म्हणून 'स्थलांतर' लिहिले जाते. शाळागळतीच्या अभ्यासात सोबत्यांचा छळ हा घटक स्वतंत्रपणे तपासण्याची गरज येथे स्पष्ट होते.

लोकमागणीची परंपरा या भूमीला नवी नाही. २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शासनाला जनमत घ्यावे लागले होते. शालेय छळाच्या बाबतीत अडचण अशी की, पीडित स्वतः मतदार नाही आणि त्याचा पालक अनेकदा गावात दुबळा असतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते. या मागणीचे स्वाभाविक व्यासपीठ तीच समिती आहे. परंतु समितीतील प्रभावी सदस्य आणि गावकीतील प्रभावी माणसे तीच असतील, तर तक्रार तेथेच विरेल. म्हणून गावाबाहेरील, केंद्र वा तालुका पातळीवरील अपिलाची सोय कायद्यातच असणे अत्यावश्यक ठरते.

या विवेचनातून कायद्याच्या मागणीत पुढील बाबी असाव्यात, असे सुचवता येते : (१) बहिष्करणासह छळाची स्पष्ट व्याख्या, (२) तक्रारीची लेखी नोंद आणि मुदतीत चौकशी करण्याचे मुख्याध्यापकाचे बंधन, (३) छळ करणाऱ्या मुलासाठी निष्कासनाऐवजी समुपदेशन व भरपाईची कृती, (४) गावाबाहेरील अपील, (५) शिक्षक प्रशिक्षणात या विषयाचा समावेश.

समारोप

रायगडच्या अनुभवाने दोन गोष्टी सिद्ध केल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या 'गावची रीत' म्हणून सोसलेला अन्याय लोकांनी बोलून दाखवला की तो गुन्हा ठरू शकतो. मात्र गुन्हा ठरला म्हणून तो आपोआप संपत नाही. शाळेत या दोन्ही गोष्टी अधिक तीव्रतेने लागू पडतात, कारण तेथे छळणारा आणि छळला जाणारा दोघेही वाढीच्या वयात असतात आणि दोघांचीही जबाबदारी समाजाने शाळेकडे सोपवलेली असते. १९९९ च्या कायद्याची नुसती अंमलबजावणी मागणे पुरेसे नाही आणि त्याची शिक्षा शाळकरी मुलांना लावणे न्याय्य नाही. या दोन्हींच्या मधला, शाळेला बांधून घेणारा कायदा मागण्याचे काम पालकांचे आणि शिक्षकांचे आहे. त्याची पूर्वतयारी म्हणून अध्यापक महाविद्यालये आणि समाजशास्त्र विभाग यांनी आपापल्या परिसरातील शाळांचा अभ्यास हाती घेतला, तर मागणीला पुराव्याचे बळ मिळेल.