एका गाण्यात अधिकारी

'लक्ष्य' (२००४) मधला करण शेरगिल नेमका कुठे अधिकारी होतो, हे बोट ठेवून दाखवता येतं. एका गाण्यात. दिल्लीतल्या पैसेवाल्या घरचा मुलगा, कॉलेज संपत आलंय, पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. मित्राचं ऐकून सीडीएसचा फॉर्म भरतो, डेहराडूनच्या आयएमएत पोचतो, तिथली शिस्त झेपत नाही म्हणून पळून घरी येतो. रोमी त्याच्याशी नातं तोडते. मग तो परत जातो आणि शीर्षकगीत वाजायला लागतं. गाणं सुरू होताना पळून आलेला पोरगा, संपताना लेफ्टनंट.

मला हा सिनेमा आवडतो, हे आधीच सांगून टाकते. काहीच करावंसं न वाटणाऱ्या वयाबद्दल जावेद अख्तर यांनी जितकं प्रामाणिकपणे लिहिलंय, तितकं हिंदीत फार कुणी लिहिलेलं नाही. पण त्यात कॉलेज म्हणजे भरकटणं आणि लष्कर म्हणजे दिशा, अशी सरळ फाळणी आहे. मध्ये एक कट. कॉलेज संपतं, तिथे सैनिक सुरू होतो. मी कॉलेजात तीन वर्षं एनसीसीत होते, आणि त्या तीन वर्षांत मला असा कट कुठे सापडला नाही.

ज्यांनी एनसीसी फक्त २६ जानेवारीच्या संचलनात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहाटे उठून बेल्टचं पितळ ब्रासोनं घासायचं, बूट चमकवायचे, बेरेवरचा लाल हॅकल सरळ करायचा आणि सात वाजता ग्राउंडवर फॉल-इन. पीआय स्टाफमधले हवालदार हिंदीत ओरडणार. 'दाहिने मुड़' आणि 'थम' हे माझ्या अंगात हिंदीच्या कुठल्याही पुस्तकाआधी गेलेत. मग सावलीत बसून मॅप रीडिंग, वर्षातून एकदा पॉइंट टू-टू रायफलचं फायरिंग, दहा दिवसांचा कॅम्प. परेडनंतरचं रिफ्रेशमेंट हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यावर कुणीतरी लिहायला हवं. आणि मग त्याच घामट गणवेशात साडेदहाच्या लेक्चरला जाऊन मागच्या बाकावर बसायचं, जिथे प्राध्यापक 'आल्या का मेजरसाहेब' म्हणून टोमणा मारणार. कॅम्पच्या तारखा आणि अंतर्गत परीक्षा हटकून एकाच आठवड्यात. ग्राउंडवर तुम्ही 'कॉलेजवाले', म्हणजे अर्धे कच्चे. वर्गात तुम्ही 'मिलिटरीवाले', म्हणजे अभ्यासात कच्चे.

या अर्धवटपणाला कायद्यातही जागा आहे. १९४८ च्या एनसीसी कायद्यानुसार कॅडेट झालेल्या कुणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन येत नाही. रायफल हातात आहे, पण आपण सैनिक नाही. परेड सोडून उद्या निघून जाता येतं, आणि बरेचजण जातात. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. सक्तीच्या काळातल्या आजोबा मंडळींना विचारा, परेड चुकवण्याच्या युक्त्या ते अजून रंगवून सांगतात. आज जो राहतो तो रोज नव्यानं ठरवून राहतो. नाट्य शोधायचं तर ते इथे आहे. करणच्या आयुष्यात निर्णय दोनदा होतो, पळतानाचा आणि परतीचा. कॅडेटचा निर्णय दर रविवारी पहाटे साडेपाचच्या गजराला होतो.

आता 'शेरशाह' (२०२१) बघा. विष्णुवर्धन दिग्दर्शक, सिद्धार्थ मल्होत्रा कॅप्टन विक्रम बात्रांच्या भूमिकेत. युद्धाचा भाग नेटका आहे. माझी तक्रार त्याआधीच्या चंदीगडबद्दल आहे. सिनेमातला विक्रम लहानपणीच टीव्हीवर परमवीरांची मालिका बघून फौजी व्हायचं ठरवतो. मग कॉलेज येतं, ते मुख्यतः डिंपलसाठी. पुढे तिच्या वडिलांना पटावं म्हणून मर्चंट नेव्हीचा विचार, आणि मग पुन्हा सैन्य. गाणी सुरेख आहेत, 'रातां लंबियां' मीही गुणगुणते.

पण खऱ्या विक्रम बात्रांची कॉलेजची वर्षं याहून कितीतरी गुंतागुंतीची होती. डीएव्ही कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेले. पुढची दोन वर्षं आर्मी विंग. 'सी' सर्टिफिकेट, सीनियर अंडर ऑफिसरची रँक. १९९४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कॅडेट म्हणून चालले आणि घरी परतल्यावर आईवडिलांना सांगितलं की मला सैन्यात जायचंय. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या एका जहाज कंपनीत निवड झाली आणि ती त्यांनी सोडली. मग पंजाब विद्यापीठात एमए इंग्रजीला प्रवेश, कशासाठी, तर सीडीएसची तयारी करता यावी म्हणून. सकाळी ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी, संध्याकाळी एमएचे वर्ग. १९९६ मध्ये निवड झाली आणि एमए अर्धवट टाकून ते आयएमएत दाखल झाले.

सकाळी दुसऱ्यांच्या प्रवासाची तिकिटं काढून देणारा आणि संध्याकाळी इंग्रजी साहित्याच्या वर्गात बसणारा हा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा मला पडद्यावर बघायचा होता. ही माहिती काही गुपित नाही. तरी पटकथेनं लहानपणीचा ध्यास घेतला आणि तरुणपणची चाचपणी बाजूला ठेवली. परमवीर हा परमवीर म्हणूनच जन्माला येतो, असं दाखवलं की प्रेक्षकाला बरं वाटतं. फक्त मग आपल्यासारख्यांनी त्याच्याकडे बघून करायचं काय? हात जोडायचे.

याचा परिणाम कुठे दिसतो सांगते. 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून यूपीएससीची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. माझ्या वेळी त्यात मुलींच्या जागा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या होत्या. एसएसबी पाच दिवसांचं. त्यात मानसशास्त्रीय चाचण्यांच्या दिवशी टीएटी असते: एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं, आणि बारावी कोरी पाटी.

म्हणजे देशाचे अधिकारी निवडण्याच्या वाटेवर बारा कथा लिहाव्या लागतात! साहित्याच्या विद्यार्थिनीला यापेक्षा आनंदाची गोष्ट कुठली? पण क्लासमध्ये तयार करून घेतलेल्या कथा ऐकल्यात कधी? चित्रात नदी असली की पूर येतो, नायक गावकऱ्यांना गोळा करतो, पूल बांधतो. चित्रात मुलगा एकटा बसलेला असला की तो परीक्षेची तयारी करत असतो आणि पहिला येतो. नायकाला कधी शंका येत नाही. त्याला हवंय काय, हे पहिल्या ओळीत ठरलेलं, आणि शेवटच्या ओळीत मिळालेलं. मधल्या दोन ओळी म्हणजे गाणं. माझ्या गटातल्या बहुतेकांनी हाच 'लक्ष्य' बारा वेळा लिहिला होता. मी लिहिलेल्या निदान तीन कथांमध्ये नायिकेला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी पुकारलेल्या चेस्ट नंबरांत माझा नव्हता. त्या कथांमुळे असं मी म्हणणार नाही, बोर्ड काय बघतं ते बोर्डालाच माहीत. पण आपल्या सिनेमानं पुरवलेला साचा मुलं तिथपर्यंत घेऊन जातात, एवढं मी पाहिलंय.

नाना पाटेकरच्या 'प्रहार'नं (१९९१) हा साचा मोडला होता. त्यात प्रशिक्षणाला वेळ दिलाय. चिखल, दोर, थकवा आणि मेजर चव्हाणचा न संपणारा आवाज, सगळं बघणाऱ्याच्याही अंगावर येईपर्यंत. पण तिथेही जवान एका जगात आणि मुंबईची वस्ती दुसऱ्या जगात आहे, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, हेच सिनेमाचं दुखणं आहे. त्या दोन जगांत रोज ये-जा करणारं माणूस त्यात नाही. मी वाचलेल्या मराठी कॉलेज-कादंबऱ्यांतही परेड ग्राउंड मला दिसलं नाही. कँटीन, हॉस्टेल, निवडणुका, सगळं आहे.

मला हवं होतं ते एका अमेरिकन आत्मचरित्रात मिळालं: कॉलिन पॉवेल यांचं 'माय अमेरिकन जर्नी' (१९९५). पॉवेल पुढे सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख झाले, परराष्ट्रमंत्री झाले, इराक युद्धाच्या बाजूनं केलेल्या भाषणानं त्यांची कीर्ती डागाळली, ते सगळं वेगळं. मी बोलतेय ते सुरुवातीच्या कॉलेजच्या पानांबद्दल. जमैकाहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गेला. इंजिनिअरिंग जमेना, म्हणून भूगर्भशास्त्र घेतलं. तेही बेताचंच. मग तो आरओटीसीत शिरला. आपल्या एनसीसीपेक्षा ही व्यवस्था जास्त थेट आहे, १९१६ च्या कायद्यातून आलेली: पदवीसोबत लष्करी शिक्षणाचे वर्ग पूर्ण केले की पदवीच्याच सुमारास कमिशनही मिळतं. पॉवेल मोकळेपणानं सांगतात की त्यांना आधी गणवेश आवडला, आरशात स्वतःला बघणं आवडलं, आणि पर्शिंग रायफल्स या ड्रिलच्या मंडळातली मुलं आवडली. आरओटीसीतल्या 'ए' ग्रेडांनी त्यांची सरासरी ओढून कशीबशी 'सी'पर्यंत आणली. देशप्रेमाचा साक्षात्कार वगैरे काही नाही. मित्र मिळाले आणि एक गोष्ट बऱ्यापैकी जमायला लागली, इतकंच.

आणि मग १९५७ च्या उन्हाळ्यातला फोर्ट ब्रॅगचा कॅम्प. तिथे पॉवेल आपल्या कंपनीतले सर्वोत्तम कॅडेट ठरले आणि संपूर्ण कॅम्पमध्ये दुसरे. निघायच्या सुमारास सामानाच्या कोठारावरचा एक गोरा सार्जंट त्यांना बाजूला घेऊन पहिला नंबर का हुकला ते सांगतो: दक्षिणेकडच्या कॉलेजांतले प्रशिक्षक परत जाऊन 'सर्वोत्तम पोरगा काळा होता' असं सांगतील, असं तुला वाटलं का? परतीच्या वाटेवर दक्षिणेतल्या पेट्रोल पंपांवर तीन स्वच्छतागृहं लागतात: पुरुषांचं, बायकांचं आणि काळ्यांचं. पॉवेल यावर भाषण ठोकत नाहीत. गाडी उत्तरेकडे चालत राहते, आणि पुढच्या वर्षी हाच मुलगा पदवी आणि कमिशन दोन्ही घेतो.