जितके दूर, तितके चांगले?

भाज्यांच्या पैदाशीवरचे आपल्याकडचे शोधनिबंध बहुधा एकाच शिफारशीपाशी येऊन थांबतात : एकमेकांपासून सर्वांत दूर पडलेल्या गटांतले वाण संकरासाठी जनक म्हणून निवडावेत. असा एक निबंध मीही लिहिला आहे, तेव्हा ही तक्रार घरातलीच समजावी.

हे अंतर मोजण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांची, १९३६ सालची. माणसांच्या शरीरमापांची तुलना हे तिचे मूळ. फळाची लांबी, वजन, फुलोऱ्याला लागणारे दिवस अशी मापे एकत्र घेऊन, त्यांचे परस्परसंबंध जमेस धरून, दोन वाण किती वेगळे हे ती एका आकड्यात सांगते. रीत सुंदरच आहे. पण ती पाहते आपण मोजलेली लक्षणे, जनुके नव्हेत. वांग्यात फळाचा आकार इतका बदलतो की गट पुष्कळदा त्यावरूनच पडतात. मग खानदेशी भरताचे वांगे आणि भरल्या भाजीचे छोटे काटेरी वांगे ‘दूरचे’ ठरतात. त्यांचा संकर केला तर फळ मधल्याच आकाराचे यायचे. भरताला लहान, भरायला मोठे. ते घेणार कोण?

शिवाय अंतराबरोबर संकरजोम वाढतच जातो, असेही नाही. मोल व सहकाऱ्यांनी १९६५ साली मक्यात दाखवले की एका मर्यादेनंतर तो घटतो. कोणता वाण कोणाशी जुळेल, म्हणजे त्याची संयोगक्षमता, हे संकर करून संतती तपासल्याखेरीज कळत नाही. त्याला दोन-तीन हंगाम लागतात. अंतराचा तक्ता एका हंगामात तयार होतो. निबंध तिथेच का थांबतात, ते यावरून ध्यानात यावे.

दूरचा जनक नकोच, असे मात्र नव्हे. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ला पिवळ्या शिरांचा विषाणुरोग ग्रासू लागला, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर यांनी ‘ॲबेलमोशस मॅनिहॉट’ या वेगळ्या प्रजातीतून प्रतिकारशक्ती आणली आणि पुन्हा ‘पुसा सावनी’शीच संकर करून भेंडीचे भेंडीपण राखले. १९८०च्या दशकातली ‘परभणी क्रांती’ ती हीच. तो जनक निवडला गेला नेमक्या एका गुणासाठी. दूरपणा ही त्याची अडचण होती. (पुढे या वाणाचाही प्रतिकार ढळला, तो विषय निराळा.)

वर्गात एक करून पाहा. बाजारातून चार तऱ्हांची वांगी आणा, मुलांकडून लांबी, घेर, वजन मोजून घ्या आणि गट पाडायला सांगा. मग त्यांतले एक माप गाळा, देठावरचे काटे मोजणीत घ्या, आणि पुन्हा गट पाडायला सांगा.