टर्नरची अट

जे. एम. डब्ल्यू. टर्नर आणि लंडनची नॅशनल गॅलरी यांच्या नात्याविषयी लिहिणारे बहुतेकजण त्याच्या मृत्युपत्रातील एका अटीपाशी थांबतात. ‘डायडो बिल्डिंग कार्थेज’ (१८१५) आणि ‘सन रायझिंग थ्रू व्हेपर’ (१८०७) ही आपली दोन चित्रे क्लोद लोरेंच्या दोन चित्रांशेजारी कायम लावावीत, ही ती अट. तिच्यात अहंकार आहेच. पण मला तिच्यात परीक्षेला बसण्याची तयारी अधिक दिसते. यांतले दुसरे चित्र त्याने पूर्वी विकले होते. १८२७ मध्ये लिलावात बोली लावून ते परत घेतले. ज्याला गुरू मानले त्याच्याशेजारी बसून गायचे, तर चीज निवडून घ्यावी लागते.

या परीक्षेचा निकाल एकतर्फी नाही. ‘डायडो’मध्ये दुतर्फा इमारती, मधोमध पाणी आणि समोर सूर्य ही मांडणी थेट क्लोदच्या बंदरचित्राची आहे, आणि तिथे क्लोदचा संयमच मला सरस वाटतो. ‘सन रायझिंग’मध्ये मात्र धुक्यात विरलेली जहाजे आणि किनाऱ्यावरचे कोळी यांना एकच ओलसर उजेड वेढतो. तो उजेड क्लोदचा नाही.

ही अट गॅलरीने पाळली. दुसऱ्या इच्छेचे काय झाले? आपली पूर्ण झालेली चित्रे स्वतंत्र दालनात एकत्र राहावीत, असे टर्नरने लिहून ठेवले होते. १८५१ मध्ये तो गेला. मृत्युपत्रावरून वाद झाला आणि १८५६ च्या निवाड्याने पूर्ण-अपूर्ण सारेच राष्ट्राकडे आले : सुमारे ३०० तैलचित्रे आणि हजारो रेखाटने व जलरंगचित्रे. त्यांतली बरीचशी पुढे टेट गॅलरीत गेली. तिथले खास टर्नरसाठीचे क्लोर दालन उघडले ते १९८७ मध्ये.

गॅलरीला दोषी ठरवून इथेच थांबता आले असते. पण १९०६ मध्ये टेटने त्याची अपूर्ण तैलचित्रे प्रथम भिंतीवर आणली; ‘नॉरम कॅसल, सनराइज’ त्यांतलेच. आज आपण ज्या टर्नरला आधुनिकांचा पूर्वज म्हणतो, तो प्रामुख्याने या चित्रांतला. त्याने स्वतः ती कधी प्रदर्शनात मांडली नव्हती.

म्हणून मला या नात्यात निव्वळ विश्वासघात दिसत नाही, आणि निव्वळ कृतज्ञताही दाटून येत नाही. टर्नरने परीक्षेसाठी दोन चित्रे निवडली होती. आपण त्याला गुण देतो ते त्याने न दिलेल्या उत्तरपत्रिकेवर. ‘नॉरम कॅसल’पुढे उभे राहताना एवढे भान ठेवावे.