नमुना सही आणि तंबोरा

संगीतावर टीका लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तेव्हा तो मीच आधी विचारून टाकतो. उत्तर: काही नाही. मी पडलो बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात सूर नव्हता. ताळ होता, तोही ताळेबंदाचा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला जवळ घेऊन प्रेमानं सांगत, ''बाळ, तू नुसते ओठ हलव.'' ते मी अजून पाळतो. राष्ट्रगीतालासुद्धा.

मात्र एका कामात अख्ख्या अंबाजोगाईत माझा हात धरणारा सापडायचा नाही. ते म्हणजे सह्या जुळवणं. आज वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसून चेकवरची सही आणि नमुना सही एकाच हाताच्या आहेत की नाहीत, हे ठरवत आलो आहे. पूर्वी कार्डं होती, आता पडद्यावर सही उमटते, एवढाच फरक. अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, हेच माझं पोटापाण्याचं शास्त्र. तेवढ्या एका परवान्यावर मी आज तंबोऱ्याला आणि त्याच्या विजेवरच्या भावंडाला समोरासमोर उभं करणार आहे.

प्रकरण असं झालं. आमच्या कन्येला गाण्याचं अंग आहे. ते आईकडून आलं. माझ्याकडून चष्मा आला. हिच्या वडिलांनी लग्नात एक मिरजेचा तंबोरा दिला होता. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात गवसणी घालून तो बरीच वर्षं उभा होता. रात्री पाणी प्यायला उठलं की कोणी पाहुणे उभे आहेत असं वाटून मी दोनदा ''या, बसा'' म्हटलेलं आहे. मुलगी रियाज करू लागली तेव्हा तो बाहेर निघाला. पण तारा गंजलेल्या, आवाज बसलेला, शिवाय तो लावायला रोज वीस मिनिटं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. वैशाखात इथे माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तिथे तार काय राहणार? सकाळी चढवलेली दुपारी उतरलेली.

तेव्हा मी शुद्ध वाणिज्यबुद्धीनं निर्णय घेतला आणि लातूरहून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. डब्याएवढा जीव. एक बटण सुराचं, एक लयीचं, एक आवाजाचं. पहिल्या तारेला पंचम हवा की मध्यम, तेही विचारतो. काळी चार म्हटलं की काळी चार. उन्हाळा नाही, पावसाळा नाही, रुसवा नाही. वीज गेली तर आत बॅटरी. एस.टी.त मांडीवर मावतो. ''याला म्हणतात प्रगती,'' मी म्हणालो. ही काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी पुढच्या तयारीला लागायला हवं, हे मला अजून कळत नाही.

वर्षभर झकास चाललं. मग नवरात्रात एका मंडळाच्या कार्यक्रमात मुलीला गायला बोलावलं. डबा घरीच ठेवला, कारण मंडळींनी सांगितलं, ''आमच्याकडे तंबोरा आहे की! चांगला जुना.'' होताच. तिला स्टेजवर बसवलं, तंबोरा हातात दिला आणि कोणीतरी म्हणालं, ''घे बेटा लावून.''

तिला लावता येईना. खुंटी पिळली की तार वर जाई, सोडली की खाली. मधे कुठेतरी सूर होता, पण तो तिला थांबवता येत नव्हता. समोर दोनशे माणसं. शेवटी प्रेक्षकांतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या, पदर खोचून वर आल्या, तंबोरा मांडीवर घेतला आणि पाच मिनिटांत लावून दिला. पोरगी गायली, चांगली गायली, टाळ्या पडल्या. घरी येताना स्कूटरवर मागे ती एक शब्द बोलली नाही. पाठीला शर्ट ओला लागला तेव्हा मला कळलं. ऑक्टोबरचा घाम समजून मी गप्प बसलो, पण दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि चौकशी बसवली. लावून न शिकल्यानं झालं हे उघड होतं. पण माझा प्रश्न वेगळा होता. डब्यातून निघतो तो सूर तोच आहे ना? मग कान तयार का झाला नाही?

हिनं तंबोऱ्याला नव्या तारा चढवल्या, जमेल तसा लावला. ती आतल्या खोलीत, दार लोटलेलं; कधी डबा सुरू करायची, कधी तंबोरा छेडायची. मी बाहेर कागदावर दोन रकाने आखून बसलो. चिरंजीवांनी मोबाइलमधला तंबोराही उमेदवार म्हणून पुढे केला होता. तो चालू असतानाच 'कर्ज हवंय का' म्हणून एका बाईंचा फोन आला, म्हणून त्याचं डिपॉझिट तिथेच जप्त केलं. उरले दोघं. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या दहा फेऱ्या झाल्या. माझी पाच उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तितकीच आली असती. चिरंजीव म्हणाले, ''बाबा, म्हणजे फरक नाहीच!'' मीही तसाच शेरा मारणार होतो.

एवढ्यात आमच्या जुन्या हेड कॅशियरांचं वाक्य आठवलं. मी नवा असताना ते म्हणाले होते, ''दोन सह्यांत थोडं इकडंतिकडं दिसलं तर घाबरू नको. माणूस हाय; कधी हात अवघडतो, कधी पेन खरडतं. पण दोन सह्या अगदी तंतोतंत एक दिसल्या की चष्मा पूस. त्यातली एक काचेवर ठेवून गिरवलेली असतीय.''

मी म्हटलं, आता अर्धं मिनिट नको, पंधरा मिनिटं वाजवा. आणि सापडलं. डब्यातल्या जोडीच्या दुसऱ्या तारेला एक बारीकशी 'झीं' होती. छान होती. पण ती प्रत्येक फेरीला, त्याच जागी, तेवढीच. एकदा कानाला लागली की जाईना. तंबोऱ्यात तसं नव्हतं. हिचं बोट कधी हलकं पडे, कधी जड. आधीची तार अजून बोलत असताना पुढची येई आणि त्या दोघी भोपळ्यात एकमेकींत मिसळत. दर फेरीची सही त्याच हातची, पण दर फेरीला नवी. नक्कल पकडली गेली ती अस्सलासारखी नव्हती म्हणून नव्हे. ती स्वतःसारखीच फार होती म्हणून.

मग मी वाचत बसलो, कारण रजा अजून उरली होती. तंबोऱ्याची करामत तारेत नाही, घोडीवर आहे. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता, गोलसर असतो. कंप पावणारी तार त्याला सारखी चाटून जाते. त्या चाटण्याला जवारी म्हणतात. घोडी आणि तार यांच्यामधे सुताचा एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की मूळ स्वरातून वरचे स्वर फुलून येतात. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो असा. तार ज्या जागी छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर वाजू नयेत, असा पाश्चात्त्य पदार्थविज्ञानातला नियम होता. आपल्या वीणा-तंबोऱ्यात ते खुशाल वाजतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली लिहून ठेवलं आहे. नियम मोडूनही कारवाई न झालेला हा एकच इसम माझ्या पाहण्यात आहे.

हे भांडण आपल्याकडेच आहे असंही नाही. तिकडे पियानोवाल्यांचं हेच चाललं आहे. मैफलीचा मोठा पियानो सुमारे नऊ फूट लांब आणि वजनाला 500 किलोच्या आसपास. म्हणजे एक चांगली दुभती म्हैस. ती प्रत्येक गावी कोण नेणार? म्हणून स्टेजवर न्यायचे डिजिटल पियानो निघाले, एका-दोघांना उचलता येतील असे. त्यांच्याही पट्ट्या 88, आणि खालच्या स्वरांच्या बोटाला जड लागाव्यात अशी व्यवस्था. आवाजाच्या दोन रीती. एक म्हणजे खऱ्या पियानोची पट्टी न् पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून ध्वनिमुद्रित करून ठेवायची. दुसरी म्हणजे काहीच मुद्रित न करता तार कशी वागेल याचं गणितच यंत्राला शिकवायचं. रोलँड कंपनीनं 2009 साली व्ही-पियानो काढला तो असा. खऱ्या पियानोचा उजवा पेडल दाबला की न छेडलेल्या ताराही आपसूक गुणगुणू लागतात. आता यंत्रं तेही करून दाखवतात. एकच स्वर ऐकवला तर भले भले फसतात. पाच-सहा स्वर एकदम दाबून विरेपर्यंत ऐकलं, की मग कुठे जाणकाराची भुवई वर जाते. म्हणजे पुन्हा तेच: सही नव्हे, सह्यांची मालिका तपासा.

पण इथे एक मोठा फरक आहे, आणि तो मला हिशेबात सापडला म्हणून मी स्वतःवर खूश आहे. पियानो वाजवणारा आपला पियानो स्वतः लावत नाही. त्याचा कारागीर वेगळा येतो. तेव्हा डिजिटल पियानोनं वादकाचं ओझं कमी केलं आणि कारागिराची फेरी वाचवली. आपल्याकडे गाणाऱ्यानं तंबोरा स्वतः लावायचा असतो. डब्यानं वीस मिनिटं वाचवली, ती नेमकी शिकवणीची वीस मिनिटं होती. मी ती खर्चाच्या बाजूला मांडली होती. ती जमेची निघाली.

याचा अर्थ डबा वाईट, असा शेरा मी देणार नाही. परक्याला नाक मुरडण्याचा आपला अनुभव फारसा चांगला नाही. पेटी युरोपातून आली. आकाशवाणीनं 1940 साली तिला दार लावलं, ते पुढची तीसेक वर्षं उघडलं नाही. आज तिच्याशिवाय बीड जिल्ह्यात एक भजन होऊन दाखवा! बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 च्या सुमारास विजेवरचा तंबोरा आणला, तेव्हापासून ज्याच्या मागे बसायला कोणी नाही अशा किती एकट्या गाणाऱ्यांना त्यानं सोबत केली असेल. कन्येचे गुरुजीही त्याला शिव्या देत नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, ''साहेब, मशीन सूर देतंय. मागायला शिकवत नाही.''

दिवाळीनंतर आम्ही बापलेक तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. लातूरहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे गाडी. भोपळा माझ्या मांडीवर, दांडी कन्येच्या खांद्यावर. पंढरपूरला एक माळकरी चढले. त्यांनी वीणा समजून गवसणीवर डोकं टेकलं. मी चूक सुधारली नाही. भोपळाही त्याच मुलखातला. मिरजेला भोपळे जातात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो बिचारा माहेरावरून चालला होता.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कारागिराच्या दुकानात त्याचा रुबाब काही दिसला नाही. त्यानं घोडीला कानस अशी लावली की मला वाटलं, नुसती हवाच घासतोय. दोनदा घासायचं, एकदा ऐकायचं. अर्धा दिवस. मग त्यानं दोरा कन्येच्या हाती दिला. म्हणाला, ''तू सरकव. कुठं थांबायचं ते मी सांगणार नाही.'' तिनं केसभर केसभर सरकवला. एका जागी अख्खं दुकान भरून आलं. ती थांबली. माझ्या बिनसुरी कानालासुद्धा ते कळलं. आणि तिचा चेहरा पाहून, नवरात्रातल्या स्कूटरचं कर्ज फिटलं हेही कळलं.

आता घरात दोघंही आहेत. घाईच्या सकाळी डबा, आणि निवांत असेल तेव्हा तंबोरा. आधी वीस मिनिटं लावणं, मग गाणं. परवा मी पंख्याखाली पेपर वाचत बसलो होतो. आतून टुंग-टुंग चाललं होतं. एकदम थांबलं.

''बाबा, पंखा बंद करा.''

''का गं? उकडतंय किती!''

''तो खर्जाला थोडा उतरलाय.''

मी पंखा बंद केला आणि घाम पुसत बसलो. वीस वर्षं मी डोळ्यानं अस्सल ओळखत आलो. आता घरात कानाचा ऑडिटर आला आहे. मी गुणगुणणं तर कधीच बंद केलं आहे. हल्ली ओठसुद्धा हलवत नाही.