वीज वाचवणारी हार्ड डिस्क आणि रेड : एका समजाची चिकित्सा

‘वीज वाचवणाऱ्या डिस्क रेडमध्ये टिकत नाहीत’ हे विधान तुम्ही ऐकले असेल. ते पूर्ण खोटे नाही, पण त्यात दोष चुकीच्या जागी दाखवला जातो.

रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयात आठ डिस्कचा सर्व्हर बसवायचा आहे, असे समजा. त्यावर परीक्षांचे निकाल राहणार आहेत. डिस्कमागे ४ वॅट वाचले, तर वर्षाला सुमारे २८० युनिट वीज वाचते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या शहरात खोलीतली उष्णताही तेवढी कमी होते. मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण हेडची. वेस्टर्न डिजिटलने २००७ मध्ये आणलेल्या ‘ग्रीन’ मालिकेतील अनेक डिस्क ८ सेकंद काम नसले की हेड प्लॅटरवरून बाजूला नेत. घरच्या संगणकात हे चालून जाते. सर्व्हर मात्र दर ३० सेकंदांनी नोंद लिहीत असेल, तर दिवसाला २,८८० फेऱ्या होतात आणि ३,००,००० फेऱ्यांची मर्यादा साधारण १०४ दिवसांत संपते. त्या दिवशी डिस्क बंद पडेलच असे नाही. पण उत्पादकाने दिलेली हमीची हद्द तिने ओलांडलेली असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खराब सेक्टर लागला की घरगुती डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ तो पुन्हा पुन्हा वाचत राहू शकते. ती एकटी असल्याने हे योग्यच आहे. रेडसाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते, कारण तीच माहिती इतर डिस्कवरून पुन्हा उभी करता येते. अनेक कंट्रोलर जास्त वाट न पाहता गप्प बसलेल्या डिस्कला बाद करतात. म्हणजे बहुतांशी चांगली असलेली डिस्कही संचाबाहेर जाते. रेड ५ मध्ये तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर निकालही गेले.

आता पुरावा तपासा. गूगलच्या पिनेइरो, वेबर आणि बारोसो यांचा २००७ चा निबंध एक लाखाहून अधिक डिस्कवर आधारलेला आहे. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजतो तितका घट्ट नाही, असे त्यात आढळले. परंतु त्या डिस्क थंड राखलेल्या डेटा सेंटरमधल्या होत्या आणि ‘ग्रीन’ मालिका बाजारात येण्यापूर्वीच्या होत्या. म्हणून वातानुकूलन नसलेल्या खोलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे चूक ठरेल.

खरा निर्णायक पुरावा वेगळाच आहे. २०१२ मध्ये त्याच कंपनीने ‘रेड’ मालिका आणली. तीही कमी वेगाची आणि कमी वीज खाणारी होती. मात्र चूक सुधारण्याची वेळ रेडला साजेशी ठेवलेली होती. म्हणजे दोष वीजबचतीचा नव्हता, एका कामासाठी लिहिलेले फर्मवेअर दुसऱ्या कामाला जुंपण्याचा होता.

स्वाध्याय : तुमच्या प्रयोगशाळेतील एखाद्या डिस्कची स्मार्ट माहिती उघडा. १९३ क्रमांकाची नोंद असल्यास तिचा आकडा आज आणि २४ तासांनी लिहून घ्या. मर्यादा किती दिवसांत संपेल, ते काढा.