हक्क आहेत, कान नाहीत

लग्नसराईत आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातून, सूतगिरणी चौकाच्या बाजूनं वरात निघाली की डीजेवर 'झिंगाट', 'गुलाबी साडी' आणि 'तांबडी चामडी' हमखास वाजतात. मध्ये कुठंतरी आनंद शिंद्यांचा आवाज येतो, आणि म्हातारेकोतारेही दोन पावलं टाकून घेतात. ही सगळी आपली गाणी आहेत, भाषेनं आणि ठेक्यानं. मालकीचा कागद मात्र निराळं सांगतो. 'झिंगाट' ज्यातलं, त्या 2016 च्या 'सैराट'चं संगीत झी म्युझिक कंपनीकडे आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 2024 मधलं 'गुलाबी साडी' पॅरिसच्या बिलीव्ह कंपनीमार्फत बाहेर पडलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलनं काढलं, आणि स्पिनिन 2017 पासून अमेरिकेच्या वॉर्नरच्या ताब्यात आहे. (वरात काढणाऱ्यांनी घाबरू नये. कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात धार्मिक समारंभांना जी सूट आहे, तिच्या खुलाशात लग्नाच्या वरातीचा नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्या कायदेमंडळाला नाचाची कदर आहे म्हणायची.)

मोठ्या कंपन्या म्हणजे सावकार आणि छोटी स्वतंत्र लेबलं म्हणजे कलेची राखणदार, अशी एक सोपी गोष्ट संगीताबद्दल नेहमी सांगितली जाते. मराठीपुरती तरी ती खरी नाही. रेकॉर्ड कंपनी पूर्वी काय करायची? कोण गाणार ते ठरवायची, ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलायची, तबकड्या गावोगाव पोचवायची, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्या ध्वनिमुद्रणाची मालक व्हायची. आज गाणं पोचवायला जवळपास पैसे लागत नाहीत. मुद्रणाचा खर्च गाणारा स्वतः करतो, नाहीतर त्याचा भाऊ किंवा गल्लीतलं मंडळ. निवडीचं काम तर कुणी अंगावर घेतच नाही. उरली ती मालकी, आणि लहानमोठा सगळा धंदा आता तिच्याभोवतीच फिरतो. मराठी गाण्याच्या आजच्या अवस्थेचं मूळ मला इथं दिसतं.

निवड म्हणजे काय, हे गोविंदराव जोशींकडे पाहून कळतं. जी. एन. जोशी या नावानं त्यांना सगळे ओळखतात. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता त्यांनी गायली, आणि 1932 च्या त्या तबकडीपासून मराठी भावगीताची सुरुवात मानतात. वकिली शिकलेला हा गायक 1938 मध्ये एच.एम.व्ही.त नोकरीला लागला आणि 1970 पर्यंत तिथं होता. मैफलीत तासभर रमणाऱ्या बुजुर्गांना तीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचं, रुसलेल्यांची समजूत काढायची, नव्यांना हेरायचं, हे त्यांचं रोजचं काम. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची 1967 मधली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक वाचताना जाणवतं ते हे, की कंपनी परकी, मालक साता समुद्रापलीकडे, पण ऐकणारा माणूस इथला होता आणि त्याच्या ऐकण्याला कंपनीत किंमत होती.

अर्थात त्या कानालाही हद्द होती. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या (म्हणजेच पुढच्या एच.एम.व्ही.च्या) फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गायिका गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून या कंपनीचा नकाशा मोठ्या शहरांचा राहिला. मराठीत ती शहरं मुंबई आणि पुणे. मुंबईच्या 'यंग इंडिया' या देशी कंपनीनं तीस-चाळीसच्या दशकांत तुलनेनं अनोळखी गायकांना दार उघडलं, ही तिची मोठी कामगिरी, पण मराठवाड्यापर्यंत तीही फारशी आली नाही. ज्या निवडीचा आपण आज गौरव करतो, तिचा निम्मा वाटा तर आकाशवाणीचा आहे. 'गीतरामायण' कुठल्या कंपनीनं करवून घेतलं नाही. ते पुणे केंद्रानं 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर आठवड्याला एक गाणं या हिशेबानं उभं केलं. मुंबई केंद्राच्या 'भावसरगम'मधून महिन्याला एक नवं भावगीत लोकांपर्यंत जायचं. तबकड्या मागाहून आल्या. रेडिओनं पेरायचं आणि कंपनीनं कापायचं, अशी ती व्यवस्था होती. तिच्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही, पण पेरणारा कुणीतरी पगारी माणूस होता, हे विसरूनही चालणार नाही.

छोट्या लेबलांतही असे कान होते. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनं पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन घराघरांत नेलं आणि त्याच आस्थेनं ख्यालाच्या ध्वनिफितीही काढल्या. एका माणसाच्या आवडीवर चाललेली ही दुकानदारी होती. अशा दुकानांचं दुखणंही तेच: माणूस थकला की दुकान थकतं, आणि मूळ टेपांचं पुढं काय होणार हे कुणी आधी ठरवून ठेवलेलं नसतं. मोठ्या कंपनीकडे निदान गोदाम असतं. सारेगामानं (म्हणजे पूर्वीच्या एच.एम.व्ही.नं) 2017 मध्ये 'कारवाँ' नावाचा, आधीच पाच हजार गाणी भरलेला रेडिओसारखा डबा बाजारात आणला आणि जुन्या गाण्यांवर नव्यानं धंदा केला. मराठी कारवाँही आला. त्या डब्याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांची संध्याकाळ त्यावर जाते. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी तरी केलेल्या निवडीचं ते व्याज आहे. नवं मुद्दल कोण ठेवतंय?

मराठवाड्यासाठी खरी उलथापालथ कॅसेटनं केली. 1983 मध्ये गुलशन कुमारांच्या सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरिजनं धंदा मांडला, पाठोपाठ व्हीनस आणि इतर आल्या, आणि एच.एम.व्ही.ची मक्तेदारी काही वर्षांत मोडली. पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारताबद्दल जे मांडलं, ते आपल्याकडेही तंतोतंत घडलं. तबकडीला कारखाना लागायचा. कॅसेटला एक खोली पुरायची. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज देवळांच्या भोंग्यांवर, जत्रांत, एस.टी. स्टँडवर पोचला तो कॅसेटमुळे, आणि भीमगीतांना बाजार मिळाला तोही कॅसेटमुळेच. त्याआधी जलशांतून, वस्तीतल्या रात्रींतून गाणं जगत होतं, पण विकत मिळत नव्हतं. आमच्या शहरात 14 जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी, त्याच्या गेटवर जी गर्दी लोटते, तिथल्या पुस्तकांच्या ठेल्यांशेजारी कॅसेटचे आणि नंतर सीडीचे ठेले लागू लागले. तिथं काय खपतं, हे मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत ठरत नव्हतं. त्या अर्थानं निवडीचा अधिकार पहिल्यांदा ऐकणाऱ्यांकडे आला.

पण व्यवहार मात्र तोच राहिला. दिवसाचं मानधन घ्या, सही करा, निघा. पुढं लाखभर कॅसेट खपोत की दहा, गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला फरक पडत नसे. छोटी कंपनी होती म्हणून कागद अधिक माणुसकीचा होता, असं काही नाही. पुष्कळदा कागदच नव्हता, आणि ते आणखी वाईट, कारण आज त्या मुद्रणांचे हक्क नेमके कुणाकडून कुणाकडे गेले हे सिद्ध करणं अवघड होऊन बसलंय. 2019 मध्ये व्हीनसच्या संगीत व्यवसायाचा मोठा हिस्सा बिलीव्हनं घेतला आणि व्हीनसचं 'इश्तार' झालं. हौशी गायक ज्या सेवांतून आपलं गाणं स्पॉटिफायवर चढवतात, त्यांतली ट्यूनकोअर ही सेवाही बिलीव्हचीच. म्हणजे जुन्या कॅसेट कंपनीचा साठा, नव्या 'स्वतंत्र' गायकाचं पहिलं गाणं आणि संजू राठोडची यशस्वी घोडदौड, तिन्हींच्या वाटा पॅरिसमधल्या एकाच दारातून जातात. जगात युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या, बाकी सगळे स्वतंत्र, ही मोजणी कागदोपत्री बरोबर असेल. बिलीव्ह या तिघींत बसत नाही, म्हणून ती 'स्वतंत्र'. शब्दाला इतकं ताणल्यावर त्यात फारसं काही उरत नाही.

आता कलेबद्दल. गारखेड्यात काय किंवा चिकलठाण्यात काय, एखाद्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत भिंतीला फोम लावला, एक माइक आणि संगणक ठेवला की स्टुडिओ होतो. अरेंजर ट्रॅक बनवून देतो, गायक दुपारी येऊन आवाज टाकतो, संध्याकाळी व्हिडिओची बोलणी सुरू होतात. यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाण्यांची पहिली पंधरा सेकंदं घासूनपुसून केलेली असतात, कारण रीलला तेवढीच लागतात. अंतरा येतो तो पाहुण्यासारखा. 'गुलाबी साडी' या गर्दीतून उठून दिसतं, कारण त्यात लाडीगोडीचा खट्याळपणा आहे आणि चाल तोंडात बसणारी आहे. 'तांबडी चामडी'ची कल्पना मला तिच्या शब्दांपेक्षा मोठी वाटते: मराठी उच्चारांचा ठोका हाउस संगीतावर चपखल बसतो, हे त्या गाण्यानं दाखवून दिलं. मुंबईच्या स्वदेसी या गटातला एम.सी. मवाली मराठीत जे रॅप करतो, त्यात रागाला शब्दांची धार आहे. या गटामागं दिल्लीचं आझादी रेकॉर्ड्स उभं राहिलं. लेबलनं कलाकाराची बाजू घेण्याचं आपल्याकडचं हे एक विरळ उदाहरण.

मराठवाड्याचं असं लेबल नाही. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात आमच्याच भागातल्या. त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला तो मोबाइलवरच्या चित्रफितींनी. त्या आवाजाला ठेक्याच्या यंत्राची गरज नाही, आणि म्हणूनच आजच्या कुठल्या साच्यात तो बसत नाही. एखाद्या गोविंदराव जोशींनी तो ऐकला असता तर साथीला काय द्यायचं नाही, हे आधी ठरवलं असतं. आज लेबलातला माणूस आधी व्ह्यूज बघतो. आकडे मोठे असले तर करार घेऊन येतो, नसले तर येत नाही. ज्या गाण्याला अजून ऐकणारे मिळायचेत, त्याच्याकडे येणारं कुणी नाही.

कायदा दरम्यान सुधारला, हे मान्य करायला हवं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सहीनं सोडून देता येत नाही. तो वसूल करणारी आय.पी.आर.एस. ही 1969 ची संस्था 2017 मध्ये नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदली गेली. पण वाटा मिळतो सभासदाला, आणि गाण्याखाली ज्याचं नाव आहे त्याला. शिवाय गाण्याचे हक्क एकाच गाठोड्यात नसतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं, शब्द आणि चाल यांचा कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. जोशींची 1932 ची तबकडी कधीच मुक्त झाली, पण ना. घ. देशपांडे 2000 साली गेले, म्हणून त्यांची कविता 2060 अखेरपर्यंत हक्काखाली आहे. हे गणित स्टुडिओतल्या पोराला कुणी शिकवत नाही.

आणि इथंच मराठी लोकपरंपरेची एक जुनी सोय निकामी झाली आहे. अभंगापासून शाहिरीपर्यंत कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत आला. लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत 'वामन' येतो तो असा. छापखाना नसलेल्या, करार नसलेल्या गाण्याचा तो सातबारा होता: गाणं कुणीही म्हणो, शेवटी कर्ता हजर. रील काही सेकंदांत संपते, आणि शेवटचं कडवं कुणी ऐकतच नाही. वितरकाच्या अर्जात गीतकाराचा रकाना असतो. तिथं काय भरायचं हे ठाऊक नसलं, किंवा ठाऊक असून भानगड नको असली, की 'पारंपरिक' लिहून मोकळं होण्याची रीत पडली आहे. मग ती 'पारंपरिक' चाल ज्यानं आधी नोंदवली त्याच्या वतीनं यूट्यूबची यंत्रणा दुसऱ्या गायकाच्या व्हिडिओवर दावा ठोकते, आणि जलशात वाढलेल्या गायकाला आपल्याच गल्लीतलं गाणं गायल्याबद्दल सूचना येते. वामनदादा 2004 मध्ये गेले. कायद्याच्या हिशेबानं त्यांचा एकही शब्द 2064 संपेपर्यंत पारंपरिक होत नाही.