साक्ष कोठे थांबते?

आपल्या समाजाच्या नियतकालिकांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. त्यास आपण ‘साक्ष’ म्हणतो. पतीस किंवा पत्नीस रक्ताचा कर्करोग झाला, डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही, घरच्यांनी नोव्हेना धरली, धर्मग्रामाने रोजरी म्हटली, पुढे रिपोर्ट चांगला आला, देवाची स्तुती असो. असा त्याचा ठरलेला आराखडा. या लेखनामागील कृतज्ञता खरी असते आणि तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. तथापि जे छापले जाते ते वाचलेही जाते. वाचणाऱ्यांत असे एखादे घर हमखास असते, जेथे नोव्हेना झाली, रोजरी झाली, उपासही झाले आणि रिपोर्ट मात्र चांगला आला नाही. त्या घरातील मागे राहिलेल्या जोडीदाराने अशी साक्ष वाचून कोणता निष्कर्ष काढावा? आपली श्रद्धाच उणी पडली, हाच ना? एखाद्या लेखाने नकळत का होईना पण दुःखितास दोषी ठरविले, तर त्या लेखाची परीक्षा करणे हे समीक्षेचे काम आहे आणि धर्माचेही.

या परीक्षेसाठी प्रथम रोगाचे स्वरूप ध्यानी घ्यावयास हवे. ल्युकेमिया हा एकच आजार नाही. तीव्र मायलॉइड प्रकारात बहुधा आठवडाभर शिरेवाटे केमोथेरपी देतात. परंतु खरी कसोटी लागते ती त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत. रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशीही नाहीशा झालेल्या असतात आणि साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो. तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. दीर्घकालीन मायलॉइड प्रकारात २००१ साली इमॅटिनिब हे औषध आल्यापासून कितीतरी रुग्ण रोजची गोळी घेऊन वर्षानुवर्षे संसार करीत आहेत. म्हणजे या आजारात जोडीदाराची सोबत ही एका रात्रीच्या जागरणाची गोष्ट नव्हे. ती महिन्यांची आणि वर्षांची गोष्ट आहे. आणखी एक. पहिला चांगला रिपोर्ट म्हणजे ‘रेमिशन’. तपासणीत रोग दिसेनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ. तो मुळासकट गेला असा नव्हे. त्यापुढेही उपचार घ्यावे लागतात आणि काही जणांत रोग परततो. आपली साक्ष नेमकी या पहिल्या रिपोर्टापाशी संपते. ती खोटी नसते. ती फार लवकर लिहिलेली असते.

हा दोष केवळ आपल्या भाविक लेखनाचा आहे असे नाही. लोकप्रिय कथा आणि चित्रपट यांनीही आपल्या डोळ्यांस एक वळण लावले आहे. एरिक सीगल यांची ‘लव्ह स्टोरी’ ही कादंबरी १९७० साली आली आणि त्याच वर्षी तिच्यावरील चित्रपटही आला. तीत तरुण पत्नीच्या रक्ताच्या आजाराची वार्ता डॉक्टर आधी पतीस सांगतात आणि तिच्यापुढे काही घडलेच नाही असे वागावयास सुचवितात. १९७८ सालच्या ‘अंखियों के झरोखों से’ या हिंदी चित्रपटाची नायिका तर लिली फर्नांडिस, नावाने आपल्यापैकीच एक. ल्युकेमियाने तिचे प्रेम अर्ध्यावर तुटते. दोन्ही कथांनी प्रेक्षकांस रडविले आणि ते अश्रू खोटे नव्हते. परंतु दोन्हींत आजार शेवटाकडे येतो, सुंदर चेहऱ्यावर थोडी फिकट छाया पाडतो आणि कथा संपवितो. मधले महिने गळून पडतात. ज्या वचनाने आपण आरोग्यात तसेच आजारात एकमेकांचे होतो, त्यातील दुसरी बाजू जेथे सुरू व्हावी तेथेच पडदा पडतो.

‘दिल एक मंदिर’ (१९६३) याहून धीट आहे. तेथे कर्करोग झालेला पती आहे, इस्पितळात त्याच्यासोबत राहणारी पत्नी आहे आणि उपचार करणारा डॉक्टर हा एके काळी तिच्यावर प्रेम करणारा पुरुष आहे. आपण गेलो तर पत्नीने त्या डॉक्टरशी विवाह करावा असे रुग्णच सुचवितो. रुग्णाच्या मनातील भय आणि औदार्य एकाच वेळी दाखविण्याची ही कल्पना सामर्थ्याची आहे. तरीही अखेरीस पती वाचतो, डॉक्टर अतिश्रमाने मरतो आणि त्यागाचा सारा मान डॉक्टरास जातो. पत्नीच्या वाट्यास पातिव्रत्याची परीक्षा येते. उलटीचे भांडे, तापाची नोंद, औषधांची बिले आणि घरी ठेवलेली मुले येत नाहीत. शुश्रूषेचे काम कथेस रुक्ष वाटते म्हणून ती ते टाळते. आपल्या साक्षीसुद्धा तेच टाळतात, फक्त डॉक्टरांच्या जागी संतांस बसवितात.

याच्या उलट एक लहानसे इंग्रजी पुस्तक आहे: सी. एस. लुईस यांचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’. लेखक अँग्लिकन पंथाचे, परंतु कॅथलिक घरांतूनही त्यांचे वाचक पुष्कळ. त्यांच्या पत्नी जॉय डेव्हिडमन यांना झालेला कर्करोग रक्ताचा नव्हता, तो हाडांत पसरला होता. पण आमच्या प्रश्नाशी त्यांची हकीकत अगदी जवळची आहे. २१ मार्च १९५७ रोजी ऑक्सफर्डच्या इस्पितळात, रुग्णशय्येपाशीच, पीटर बाइड या धर्मगुरूंनी त्यांचा ख्रिस्ती विवाह लावला आणि तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानंतर तिची हाडे सुधारू लागली, ती पुन्हा चालू लागली. आपल्याकडील साक्ष येथेच पूर्ण झाली असती. परंतु १९५९ साली रोग परतला. १९६० च्या एप्रिलमध्ये दोघे ग्रीसची यात्रा करून आले आणि १३ जुलै १९६० रोजी तिचे निधन झाले. पुढील वर्षी हे पुस्तक टोपणनावाने प्रसिद्ध झाले.

याच लेखकाने १९४० साली ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ या ग्रंथात दुःखाचा प्रश्न तर्काने उलगडला होता. तो ग्रंथ आजही सेमिनरीत उपयोगी पडतो. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे फरक कळतो. पहिल्यात लेखक दुःखाविषयी बोलतो, दुसऱ्यात दुःखातून बोलतो. तेथे तो देवावर रागावतो, त्याच्या मौनाची तक्रार करतो, आपली श्रद्धा पत्त्यांच्या घरासारखी होती की काय असे स्वतःस विचारतो. आणि मग एकाएकी कोणताही चमत्कार न घडता, हळूहळू, त्याची प्रार्थना पुन्हा सुरू होते. पुस्तकाचा दोषही सांगावयास हवा. त्यात माणसे फार थोडी आहेत. शोक करणारा जवळजवळ एकटा आहे. शेजारी काय बोलावे न कळून चाचरतात, एवढेच समाजाचे दर्शन. आपल्या गावातील माणसास हे पुस्तक काहीसे थंड वाटेल. तथापि रिपोर्टावर न टेकलेली श्रद्धा कशी दिसते, हे ते दाखविते.

समाजाचे चित्र हवे असेल तर दूर जावयास नको. आपल्या बायबलात, प्रोटेस्टंट बांधवांच्या छापील बायबलात बहुधा न आढळणारा, तोबीतचा ग्रंथ आहे. आपण तो लग्नाच्या वाचनापुरता उघडतो, हे त्याचे दुर्दैव. त्याचा दुसरा अध्याय आजारी माणसाच्या घराविषयी आहे. मृतांस मूठमाती देणारा हा पुण्यवान मनुष्य आंधळा होतो. वैद्यांच्या मलमांनी डोळे अधिकच जातात. अहीकार नावाचा नातलग दोन वर्षे त्याचा सांभाळ करतो आणि नंतर दुसऱ्या प्रांतात निघून जातो. मग पत्नी अन्ना विणकाम करून घर चालविते. एके दिवशी मालक मजुरीसोबत करडूही देतात, तेव्हा आंधळा पती तिच्यावर चोरीचा संशय घेतो. ती संतापून त्याच्या दानधर्माचाच हिशेब काढते. पतीस मरण मागावेसे वाटते.

या प्रसंगास आम्ही शुश्रूषेच्या साहित्यातील अव्वल प्रतीचे पान मानतो. कारण त्यात सगळे आहे: निष्फळ उपचार, दोन वर्षांनी आटलेली मदत, कमावती झालेली पत्नी, परावलंबी पुरुषाचा दुखावलेला अभिमान आणि दोन भल्या माणसांत पेटलेले भांडण. पवित्र शास्त्र हे भांडण झाकीत नाही. अन्नेस ते अश्रद्धही ठरवीत नाही. पुढे तोबीतास दृष्टी मिळते; परंतु जिच्या कष्टांवर घर उभे राहिले तिचे कटू शब्द ग्रंथातून पुसले जात नाहीत. आपल्या साक्षींत नवरा-बायको कधी भांडत नाहीत. म्हणून ज्या घरात सहाव्या महिन्यात चिडचिड सुरू होते, ते घर आपणच पापी आहोत असे समजते.

अहीकाराची दोन वर्षे आम्हांस विशेष महत्त्वाची वाटतात. साक्षींत समाजाविषयी एकच वाक्य असते: सर्वांनी प्रार्थना केली. ल्युकेमियाच्या बाबतीत समाजाचे काम याहून पुष्कळ नेमके आहे. रुग्णास वारंवार रक्त आणि प्लेटलेट्स द्याव्या लागतात. प्लेटलेट्स रक्तपेढीत साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणून एकदाच शंभर माणसे गोळा होऊन भागत नाही, दर आठवड्यास दोन-चार जण लागतात. उलट आपली आवडती प्रथा, म्हणजे फुले-फळे घेऊन घोळक्याने भेटावयास जाणे, पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णास घातक ठरू शकते. अशा वेळी दाराबाहेर थांबणे हीच भेट होय. खरे काम दाराबाहेरच असते: वसईहून परळच्या टाटा इस्पितळात रोज लोकलने ये-जा करणाऱ्या पत्नीचा डबा, मुलांची शाळा, बिलांची रांग, एखाद्या रात्रीची पाळी. मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसास खाटेसह उचलून आणणारे चौघे आठवावेत. ते काय बोलले हे मार्क लिहीत नाही. त्यांनी छप्पर उघडले एवढेच लिहितो, आणि येशूने त्यांची श्रद्धा पाहिली असे म्हणतो. श्रद्धा पाहता येते, ती अशी.

विवाहाच्या अर्थावरही हा आजार वेगळाच प्रकाश टाकतो. काही रुग्णांस अस्थिमज्जा-प्रत्यारोपण लागते. त्यासाठी पेशींची जी जुळणी पाहतात ती आईबापांकडून आलेली असते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि पती-पत्नीची जुळणी क्वचितच. आल्तारापुढे जे दोघे एकदेह झाले, त्यांतील एकास दुसऱ्यासाठी आपली मज्जासुद्धा देता येत नाही! ज्याला काही देता येत नाही त्याने जवळ राहणे, हीच मग त्या वचनाची पूर्तता ठरते. क्रूसापाशी पवित्र मरियेने दुसरे काय केले? या विषयावर कोणी कथा लिहिलेली आमच्या वाचनात नाही. ती लिहिली जावी.

आणखी एक गैरसमज साक्षींनी दूर करावयास हवा, तो रुग्णाभ्यंगाचा. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, अशी भीती अजून घरोघरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणोन्मुखांचा नाही असे स्पष्ट केले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजाराच्या आरंभी तो घ्यावा, प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हा घ्यावा. हा संस्कार मागून बरा न झालेलाही संस्कारास मुकत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या पत्रात दुःखाच्या शुभवर्तमानात दयाळू शोमरोन्यास जागा दिली आहे, तीही याच अर्थाने. शोमरोनी जखमी माणसास वाटेवर बरा करीत नाही. तो त्यास खाणावळीत नेतो, पैसे देतो, आणि परत येईन म्हणतो.

मग साक्ष लिहूच नये काय? जरूर लिहावी. मराठीत आपल्यापुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा आदर्श आहे. पंथाने त्या आपल्याहून वेगळ्या, परंतु ख्रिस्ती संसाराचे इतके प्रामाणिक चित्र दुसरे नाही. पतीचा विक्षिप्तपणा, ताटातूट, दारिद्र्य, भांडणे हे सारे त्यांनी हसत सांगितले आणि तरीही त्या संसारावरील त्यांचे प्रेम पानोपानी जाणवते. त्यांनी पतीस संत केले नाही. म्हणूनच तो वाचकास आपला वाटला.

आमचे मागणे थोडे आहे. साक्ष लिहिणाऱ्याने रिपोर्टानंतर एक वर्ष थांबावे. जे दिवस प्रार्थनेविना गेले तेही लिहावेत. कोणी रक्त दिले, कोणी डबा आणला, कोण दोन महिन्यांनी येईनासे झाले, तेही लिहावे. ज्या घरातील माणूस गेला त्या घरासही लिहावयास सांगावे आणि संपादकांनी ते पहिल्या पानावर छापावे. जो वाचला त्याच्या घरी देव आला आणि जो गेला त्याच्या घरी तो आला नाही, असे आपल्या श्रद्धेने कधीच शिकविलेले नाही. आपल्या लेखनानेही ते शिकवू नये.